‘रूप तेरा मस्ताना’मधला सॅक्सोफोन कोणी वाजवला?

१३ जुलै आला की जुन्या हिंदी गाण्यांच्या वेड्या लोकांमध्ये एक नाव फिरायला लागतं : मनोहारी सिंग. २०१० साली याच दिवशी मुंबईत, वयाच्या ७९ व्या वर्षी ते गेले. नाव ओळखीचं वाटत नसेल, पण त्यांचा सॅक्सोफोन तुम्ही नक्की ऐकलाय. ‘है दुनिया उसी की’, ‘गाता रहे मेरा दिल’, ‘रूप तेरा मस्ताना’. या तिन्ही गाण्यांतून सॅक्सोफोन काढून बघा, काय उरतं ते.

मग नाव का माहीत नाही? कारण साधं आहे. त्या काळी रेकॉर्डच्या कव्हरवर गायक, संगीतकार आणि गीतकार छापले जायचे. वाजवणारा स्टुडिओत यायचा, वाजवायचा, त्या दिवसाचे पैसे घेऊन घरी जायचा. मनोहारी तरी नशीबवान. आर. डी. बर्मन यांच्या सिनेमांत सहायक म्हणून बासू चक्रवर्ती आणि आपले मारुतीराव कीर यांच्यासोबत त्यांचं नाव पडद्यावर यायचं. पण कुठल्या गाण्यात काय वाजवलं, हे तिथेही कळायचं नाही. ती नोंद चाहत्यांनीच केली, वादकांना विचारून, एकेक गाणं कान देऊन ऐकून.

मनोहारींचा जन्म १९३१ चा, कोलकात्यातल्या नेपाळी कुटुंबातला. लहानपणी बाटा कंपनीच्या ब्रास बँडमध्ये वाजवायला लागले, पुढे ‘फिर्पोज’ या हॉटेलात. साहेबी नाच-गाण्याच्या अशाच जागांमधून जॅझ आपल्याकडे रुजलं. १९५८ मध्ये ते मुंबईला आले, सलील चौधरींच्या आग्रहावरून.

आता सॅक्सोफोनच का एवढा काळजाला लागतो? बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं, पण गणना लाकडी सुषिर वाद्यांत, क्लॅरिनेटच्या पंगतीत. कारण आवाज काढते ती तोंडाजवळची वेताची पातळ पट्टी. ओठांचा दाब थोडा बदलला की सूर घसरतो, कापतो, माणसाच्या गळ्यासारखा. जॅझवाले हीच गंमत वापरून ऐन वेळी सुचेल ते वाजवत राहतात. सिनेमात तेवढी मोकळीक कुठली? दोन कडव्यांमधले काही सेकंद मिळायचे. मनोहारींनी तेवढ्यात काम भागवलं.

गोंडपिपरीच्या एखाद्या वरातीत बँडवाला ‘रूप तेरा मस्ताना’ घेतो, तेव्हा शब्द नसतातच. लोक नाचतात ते सुरांवर, आणि त्यातले काही मनोहारींचे असतात.

ऐकायचंच असेल तर ‘है दुनिया उसी की’ लावा, मोबाइलच्या स्पीकरवर नको, इअरफोनवर. रफींचा आवाज यायच्या आधी जो बोलतो, तो मनोहारींचा सॅक्सोफोन.