टाकीच्या मागचे तीन कप्पे

सकाळी ७.३०

शटर अर्धं वर केलं की लगेच दिवे लावायचे नाहीत. आधी अंधारातच कानांनी हजेरी घ्यायची. ठाण्यातल्या या छोट्या दुकानात खाऱ्या पाण्याच्या सगळ्या टाक्या एकाच भिंतीला आहेत आणि प्रत्येक पंपाचा सूर मला पाठ आहे. आज दाराजवळची सर्वांत छोटी टाकी गुरगुरत होती. म्हणजे पंप पाण्याबरोबर हवाही ओढतोय.

ही टाकी ‘ऑल-इन-वन’ प्रकारची. समोर मासे आणि मागच्या काळ्या पडद्याआड तीन कप्पे. वरच्या दातेरी खाचांतून पाणी पहिल्या कप्प्यात उतरतं, तिथे फ्लॉस, म्हणजे पांढरा कृत्रिम कापूस, कचरा धरतो. दुसऱ्या कप्प्यात कार्बन आणि जिवाणूंना घर म्हणून सच्छिद्र दगड. तिसऱ्यातला पंप पाणी पुन्हा समोर ढकलतो. खाली वेगळी संप टाकी नाही, पाइपांचं जंजाळ नाही, म्हणूनच नवशिक्यांना हा प्रकार आवडतो. मात्र उडून गेलेलं पाणी समोरून कळत नाही. तिथली पातळी खाचांपाशी कायम राहते. खाली जाते ती फक्त तिसऱ्या कप्प्यातली, आणि तीही पडद्याआड.

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. २० लिटरच्या या टाकीतून रात्रीत अर्धा लिटर गेलं, तर ३५ची क्षारता जवळजवळ ३६वर जाते. शेजारच्या ७५ लिटरच्या टाकीतून दुप्पट, म्हणजे लिटरभर उडालं, तरी ती ३५.५च्या आतच राहते. छोटी टाकी सोपी, असं समजून गिऱ्हाईक दुकानात येतं. खरं तर छोट्या टाकीत चुकायला जागाच नसते.

गोडं पाणी हळूहळू सोडलं. गुरगुर थांबली. मग दिवे.

८.३०

आता दिवसाचं पाणी. आरओ आणि त्यापुढे डीआय, म्हणजे आयन काढणारं रेझिन, यातून गाळलेलं पाणी पिंपात साठवलेलं असतं. त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य लागतो. ‘आमच्या स्वयंपाकघरातल्या आरओचं चालेल ना?’ असं हटकून विचारतात. तिथली बरीच यंत्रं चवीसाठी क्षार पुन्हा मिसळतात किंवा थोडं नळाचं पाणी सोडतात. प्यायला उत्तम, पण टाकीत तेच शेवाळाचं खाद्य होतं.

दर लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम सागरी मीठ. पाणी आधी, मीठ नंतर. उलट केलं तर कॅल्शियमचा पांढरा गाळ तळाशी बसतो. पिंपात पंप फिरता ठेवून हाताखालचा मुलगा क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर पुसतो आणि ३५च्या प्रमाण द्रावणाने तपासून घेतो.

‘जुहूला समुद्र फुकट आहे की,’ असंही एखादे काका म्हणतातच. पण आपल्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, त्यात शहराचं सांडपाणी आणि पावसाळ्यात नद्यांमुळे क्षारताही उतरलेली.

१०.००

खाणं. क्लाउनफिशच्या जोडीला चिमूटभर दाणे, वॉचमन गोबीला गोठवलेली मायसिस कोळंबी. गोबीच्या बिळात पिस्तुल कोळंबी राहते. ती जवळजवळ आंधळी; ती बीळ खणते, गोबी पहारा देतो. जेवढं दोन मिनिटांत संपेल तेवढंच टाकायचं. उरलेल्याचा अमोनिया होतो.

११.००

पहिलं गिऱ्हाईक, बाप-लेक. मुलगी सहा-सात वर्षांची. बोट थेट निमोवर, म्हणजे क्लाउनफिशवर, मग निळ्या टँगवर.

“दोन्ही द्या, आणि ती टेबलावरची छोटी टाकी.”

“दादा, निमोचं जमेल, पण या टाकीत नाही. आणि हा निळा मासा वाढून फूटभराचा होतो. त्याला पोहायला लांबलचक टाकी लागते.”

“पण आत्ता तर दोन इंचाचा आहे.”

“आत्ता बाळ आहे,” मुलीनेच उत्तर दिलं.

क्लाउनफिश मात्र छोट्या जागेत खरंच रमतो. निसर्गातही तो एका समुद्रफुलाभोवतीच्या हातभर जागेत आयुष्य काढतो. तरी टाकीत समुद्रफूल लागतंच असं नाही. शिवाय तो हॅचरीत पैदा झालेला मिळतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे ही पैदास रुजवली, आणि जवळच ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही त्याची हॅचरी आहे. असा मासा समुद्रातून ओरबाडलेला नसतो आणि दाणे खायला लहानपणापासून शिकलेला असतो.

मी त्यांना टाकी विकली नाही. दिली एक साधी काचेची थर्मामीटरची नळी आणि एक काम. जिथे टाकी ठेवायची तिथे बादलीभर पाणी ठेवा, पातळीवर पेनने खूण करा, आठवडाभर सकाळी आणि दुपारी तापमान आणि उतरलेली पातळी वहीत लिहा.

“मी लिहीन,” मुलगी म्हणाली. वडिलांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं, पण नळी खिशात घातली.

१२.३०

हीच बादली गेल्या आठवड्यात ज्यांच्या घरी गेली होती ते नवरा-बायको वही घेऊन हजर. ती इस्पितळात परिचारिका, पाळ्या बदलत्या. तो महिन्यातून काही दिवस कामासाठी बाहेर. डोळे लागलेत ते एका झगमगीत संचावर, जाहिरातीत ‘रीफ रेडी’ लिहिलेल्या.

वही उघडली. सकाळी २७.५, दुपारी ३१. एप्रिल आहे, बैठकीची खोली पश्चिमेकडे. त्यात पंप आणि दिव्याची उष्णता धरली तर आणखी अंशभर. सागरी टाकीला २४ ते २७ बरं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाची श्वासाची गरज मात्र वाढते.

पण मी आकड्यांपेक्षा कोऱ्या ओळी बघत होते. मंगळवार दुपार कोरी. शुक्रवार, शनिवार पूर्ण कोरे.

“तेव्हा घरी कोणीच नव्हतं,” तिने सांगितलं.

मग संच असा निवडला. पहिलं, आकार. बाजारात ५२ लिटरचा फ्लुव्हल इव्हो आहे, ७५ लिटरचा रेड सी मॅक्स नॅनो आहे, त्याच मापाचे स्थानिक काचकामवाल्यांनी बनवलेलेही आहेत. दोन दिवस घराला कुलूप असणार असेल तर ७५च्या खाली उतरायचं नाही. खोक्यावरच्या आकड्यात मागचे कप्पेही धरलेले असतात आणि दगड-वाळूची जागा वजा केलेली नसते, हेही ध्यानात ठेवायचं. भरल्यावर वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणजे टीव्हीखालचं कपाट बाद.

दुसरं, मागचे कप्पे. हात आत जातो का? फ्लॉसची जाळी उचलून बाहेर येते का? दर दोन-तीन दिवसांनी कापूस बदलायचा असतो. तिथे चिमटा घेऊन झटापट करावी लागली तर दुसऱ्या महिन्यात कोणी बदलत नाही. तिसरा कप्पा मोठा हवा. पंप उघडा पडेपर्यंत तेवढा जास्त वेळ मिळतो.

तिसरं, एटीओ. पातळी उतरली की सेन्सर ओळखतो आणि बाजूच्या डब्यातलं गोडं पाणी आपोआप आत येतं. वहीतल्या कोऱ्या ओळींचं उत्तर हेच. डबा आठवडाभर पुरेल एवढा.

चौथं, विजेचं. परदेशातून कोणी भावाकरवी संच आणतं आणि पंप निघतो ११० व्होल्टचा. २३० लिहिलेलं डोळ्यांनी पाहायचं, आणि तोच पंप इथे सुटा मिळतो का तेही विचारायचं. पंप दहा-वीस वॉटचे असतात, घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालतात.

“आणि लाइट?” त्याने विचारलं. त्या झगमगीत संचाची निम्मी ऐट तीच होती.

“लाइट कशासाठी हवाय ते आधी ठरवू.”

१.३०

डबा खाता खाता तेच समजावलं. जोरदार निळे-पांढरे दिवे असतात प्रवाळांसाठी. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याला प्रकाश लागतो. आपल्याकडे खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ त्याच अनुसूचीत आहे. समुद्रघोडाही संरक्षित. परदेशी व्हिडिओंत जी रंगीत बाग दिसते, ती बघून संच घ्यायचा नाही.

आपली टाकी म्हणजे मासे, सिरॅमिक किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड, आणि गोगलगायी, कोळंबी अशी सफाई मंडळी. त्यांना साधा एलईडी पुरतो. मोठा दिवा लावला तर वाढेल ते शेवाळ, आणि तापेल ते पाणी. दिव्यावरचे पैसे एटीओ आणि जादा पंपात घाला.

३.३०

मुलुंडला एका घरी देखभाल. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, काच घासायची, कापूस बदलायचा. या घरी टाकीवर पंखा आहे. पंखा बाष्पीभवन वाढवून पाणी दोन-तीन अंश उतरवतो; मात्र तेवढंच पाणी जास्त उडतं. पुण्यात किंवा नागपुरात हवा कोरडी, तिथे तो छान चालतो. आमच्या दमट हवेत, आणि पावसाळ्यात तर अधिकच, त्याचा हात आखडतो. मग चिलर. तो पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो, म्हणून बंद कपाटात ठेवायचा नाही.

आजी बाजूला बसून पाहत होत्या. “तारापोरवाल्यात बघायचो आम्ही हे मासे,” म्हणाल्या. १९५१ साली सुरू झालेलं चर्नी रोडचं ते मत्स्यालय म्हणजे इथल्या निम्म्या गिऱ्हाइकांची पहिली ओळख. इथे आजींनीच टाकी जगवली आहे. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की टाकीच्या मागे वाकून पातळी बघतात. या घरी एटीओची गरज पडली नाही.

टाकीवर बारीक जाळीचं झाकण आहे. फायरफिश घाबरला की उडी मारतो. काचेचं झाकण उडी अडवतं, पण उष्णताही अडवतं.

५.३०

दुकानात परत. कोपऱ्यात तीन आठवड्यांची एक रिकामी टाकी फिरतेय. आत मासा नाही, तरी तिला रोज खाऊ मिळतो: मोजून अमोनिया. एका जातीचे जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट. दोन्ही वसाहती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आज तपासणीच्या नळीत अमोनिया जवळजवळ शून्य, नायट्राइट अजून जांभळा. दगडांवर तपकिरी थर चढलाय. तो डायटमचा, नव्या टाकीत येतोच. येतो आणि जातो.

कॉलेजातली दोन पोरं काचेला नाक लावून उभी. “ताई, यात मासे कुठायत?”

“यायचेत. आधी त्यांची मोरी बांधतेय.”

७.३०

नवरा-बायको पुन्हा आले. घरी जाऊन पश्चिमेची खिडकी सोडून आतली भिंत ठरवली, जवळ दोन प्लग आहेत. ऑर्डर लिहिली: ७५ लिटरचा संच साध्या दिव्याचा, एटीओ, पंखा, तापमान नियंत्रक, रिफ्रॅक्टोमीटर, अमोनिया-नायट्राइट-नायट्रेटचे किट, मीठ, एक जादा पंप, कापसाचा गठ्ठा. रक्कम त्या झगमगीत संचाएवढीच झाली.

“आणि क्लाउनची जोडी?” त्याने विचारलं.

“अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की. दोन लहानच घ्या. मोठा होणारा मादी होतो, दुसरा नर राहतो.”

“म्हणजे घरात जशी पद्धत आहे तशीच,” ती म्हणाली. तो निमूट पैसे मोजत होता.

९.००

शटर ओढण्याआधी कुर्ल्याच्या घाऊक व्यापाऱ्याचा फोन. नवा माल आलाय, ३० लिटरचा ऑल-इन-वन, लाइट असा की दुकानाच्या दारात ठेवलात तर रस्त्यावरचा माणूस थांबेल. दहा तरी ठेवून घ्या.

“मागचा शेवटचा कप्पा किती रुंद आहे?”

“कप्पा? थांबा, पट्टी बघतो.” बराच वेळ खुडबुड. “पाच सेंटिमीटर.”

“मग नको. हात जात नाही तिथला पंप साफ कोण करणार? याच्या मोठ्या भावाची मापं पाठवा. मागून घेतलेली.”