परवलीचा शब्द

‘परवलीचा शब्द’ हा प्रयोग मूळचा लष्करी पहाऱ्यावरचा. पहारेकऱ्यानें हटकलें असतां जो उच्चारल्यावांचून आंत प्रवेश मिळत नसे, तो परवलीचा शब्द. आज तो पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत शिरला आहे. कामगाराची पगारपत्रिका, बँकेचा खातेउतारा, आधारपत्र असे कितीतरी कागद ‘पी. डी. एफ्.’ स्वरूपांत कुलूपबंद होऊन येतात. हें कुलूप कसें लावावें व कसें उघडावें, याचा आज थोडक्यांत विचार करूं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हें कुलूप पेटीच्या कुलपासारखें नसतें. पेटींतील कागद जसाच्या तसा असतो. कुलूप तोडलें कीं तो वाचतां येतो. येथें मात्र परवलीच्या शब्दाच्या आधारें मजकूरच सांकेतिक रूपांत पालटला जातो. हल्लीं यासाठीं ‘ए. ई. एस्.’ ही पद्धति वापरतात. अमेरिकन सरकारनें ती २००१ सालीं प्रमाण ठरविली. ती फोडण्याचा व्यवहार्य मार्ग अद्याप कोणास सांपडलेला नाहीं.

मग धोका कोठें आहे? आपल्या चाकणचेंच उदाहरण घ्या. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें तेथील किल्ला शाएस्तेखानाविरुद्ध सुमारें दोन महिने लढविला. अखेर सुरुंगानें एक बुरूज उडाला आणि किल्ला गेला. बाकीचा तट भक्कम असून उपयोग झाला नाहीं. आपल्या कागदाचा तो बुरूज म्हणजे परवलीचा शब्द होय.

हिशेबच करून पाहूं. ई-पॅनचा शब्द म्हणजे जन्मतारखेचे आठ अंक. आठ अंकांच्या जुळण्या दहा कोटि होतात खऱ्या. पण शंभर वर्षांतील तारखा मोजल्या तर त्या साडेछत्तीस हजारांच्या आसपासच भरतात. यंत्राला तें अगदीं किरकोळ काम. ई-आधारचा शब्द तर नांवाचीं पहिलीं चार इंग्रजी मोठीं अक्षरें व जन्मसाल असा जाहीरच आहे. नांव ठाऊक असलें कीं फार तर शंभर सालें चाळावयाचीं! तेव्हां सहज कोणाची नजर जाऊं नये, एवढ्यापुरतेंच हें कुलूप समजावें.

चाकण-म्हाळुंग्यास नोकरीसाठीं येणाऱ्या तरुणाला घरमालक, ठेकेदार अशा अनेकांकडे आधारपत्र धाडावें लागतें. जेथें चालेल तेथें पहिले आठ अंक झांकलेलें ‘मास्क्ड’ आधार द्यावें. तें प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळतें. स्वतः कुलूप लावावयाचें तर परस्परांशीं संबंध नसलेले चारपांच शब्द जोडावे. मुलाचें नांव, गाडीचा क्रमांक टाळावा. ज्या निरोपाबरोबर कागद जाईल त्याच निरोपांत शब्द लिहूं नये. तो फोनवर सांगावा.

उघडण्याची रीत सोपी आहे. शब्द देऊन कागद आपल्याच संगणकावर उघडावा व छपाईच्या आज्ञेंत जाऊन ‘पी. डी. एफ्. म्हणून साठवा’ हा पर्याय निवडावा. छपाईस मनाई नसेल तर बहुधा कुलूप नसलेली नवी प्रत मिळते. ‘फुकट उघडून देऊं’ म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळाच्या स्वाधीन आपले कागद कधींहि करूं नयेत. आणखी असें कीं, दुसऱ्या एका प्रकारचा शब्द केवळ छपाई किंवा फेरफार यांस मनाई करतो. त्यानें वाचन थांबत नाहीं. गुप्ततेसाठीं त्यावर विसंबूं नये.

शेवटीं एक महत्त्वाची गोष्ट. भक्कम कुलपाचा शब्द विसरला तर तो परत मिळवून देणारें कोणतेंहि कार्यालय नाहीं. समजा, कारखान्यांतून निवृत्त झालेल्या एखाद्या गृहस्थानें विम्याचे व ठेवींचे कागद उत्तम रीतीनें कुलूपबंद केले आणि शब्द मनांतच ठेवला. त्याच्या पश्चात् पत्नीच्या हातीं न वाचतां येणारीं अक्षरें तेवढीं उरतील. यास्तव शब्द वहींत लिहून ती वही कपाटांत कुलपाखालीं ठेवावी, आणि घरांतील एका विश्वासू माणसास तिची जागा सांगून ठेवावी. हें काम उद्यांवर न टाकणेंच बरें.