पान पिवळं पडलंय? आधी जुनं की नवं ते पाहा

जुन्नर-आंबेगावच्या पॉलिहाऊसमधली मुख्य पिके : ढोबळी मिरची, जरबेरा, गुलाब.

• खालची, जुनी पाने आधी पिवळी : नत्र (सगळे पान फिकट), पालाश (कडा करपतात), मॅग्नेशियम (शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा). ही द्रव्ये झाडात फिरतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून शेंड्याला देते.

• शेंड्याची पाने आधी : लोह, कॅल्शियम. ही सहजासहजी हलत नाहीत. लोहाच्या कमतरतेतही शिरा हिरव्याच राहतात, म्हणून मॅग्नेशियमशी हमखास गल्लत होते. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. तिथे चिलेटेड लोह वापरतात.

• ढोबळीची पाने वर वळली : बहुधा फुलकिडे. खाली वळली : बहुधा कोळी. कोळी हा कीटक नव्हे, त्याला कोळीनाशकच लागते. भिंग जवळ हवे.

• दुपारी मलूल, संध्याकाळी टवटवीत : उष्णता. सकाळीही मलूल असेल तर मुळे उकरून पाहा.

• मातीचा सामू (pH) : ५.५ ते ६.५ योग्य.

खत बदलण्याआधी माती-पाणी तपासून घ्या. सल्ल्यासाठी नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे.