‘बघतो’, ‘करतो’ आणि तारीख

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाली की एका कोपऱ्यात सतरंजी अंथरून फॉर्म भरायचे काम चालते. कोणाला रेशनकार्डावर सुनेचे नाव लावायचे असते, कोणाच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, कोणाचा पीएफ अडकलेला असतो. मी पेशाने कारकून, म्हणून हे काम आपसूक माझ्याकडे आले. या सतरंजीवर बसून एक शब्द मी इतक्या वेळा ऐकला, आणि त्याहून जास्त वेळा स्वतः उच्चारला, की आज त्याच्यावरच लिहायचे ठरवले. तो शब्द म्हणजे ‘बघतो’.

“पीएफला वारसाचे नाव लावले का?” “बघतो.” “पोराचा जातीचा दाखला काढला का?” “बघतो, पुढच्या महिन्यात.” “विहाराच्या वीजबिलाचे काय झाले?” “करतो ना!” ‘बघतो’ म्हणणारा माणूस नाही म्हणत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडता येत नाही. तो हो पण म्हणत नाही, त्यामुळे त्याला धरता येत नाही.

या शब्दाने काय होते ते दुसऱ्याचे उदाहरण देऊन सांगणे सोपे आहे. मी माझेच सांगतो.

२०१६ सालची गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीतली एक मुलगी बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. वडील हमाली करणारे, आई दोन घरची धुणी-भांडी करणारी. इंजिनीअरिंगला नंबर लागेल अशी खात्री होती. जात पडताळणीचा प्रस्ताव आधीच दाखल होता, पण समितीने त्रुटी काढली. १० ऑगस्ट १९५० पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहात असल्याचा पुरावा हवा होता. आजोबांच्या शाळेचा उतारा गावाहून मागवला, तो आलाही. वडील तो घेऊन माझ्याकडे आले. मी म्हणालो, “ठेवा माझ्याकडे. मला त्या बाजूला जायचेच आहे. बघतो मी.”

तो कागद माझ्या बॅगेत अठरा दिवस राहिला. ऑफिसात ऑडिट चालू होते, हे खरे. एका रविवारी कार्यकर्त्यांचे शिबिर होते, हेही खरे. त्या शिबिरात मी ‘समाजाप्रती आपली बांधिलकी’ या विषयावर पाऊण तास बोललो. कागद त्या वेळी बॅगेतच होता, आणि बॅग माझ्या खुर्चीखाली होती.

शेवटी मी कागद दिला. प्रमाणपत्र निघाले ते मुदतीनंतर नऊ दिवसांनी. तोवर राखीव जागा गेली होती. खुल्या जागेवर प्रवेश घ्यायचा तर पूर्ण फी भरावी लागणार, ती त्या घराला कशी परवडावी? पोरीचे एक वर्ष गेले. ती त्या वर्षी एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा मला बोलणी खायची होती. कोणी बोलले नाही. वडील एवढेच म्हणाले, “दादा, आम्ही तुमच्या भरवशावर होतो.” आणि मुलीची आजी चहाचा कप पुढे करत म्हणाली, “जाऊ द्या हो. तिच्या नशिबातच नव्हतं.”

खरे सांगतो, ते ऐकून मला बरे वाटले. छातीवरचा दगड उतरल्यासारखे झाले. घरी येऊन रात्री पडल्यावर मात्र झोप लागेना. जी गोष्ट सरळसरळ माझ्या हलगर्जीपणामुळे झाली, ती त्या माउलीने नशिबाच्या खात्यावर टाकली आणि मला मोकळे केले. आणि मी, दर १४ ऑक्टोबरला बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हणणारा माणूस, गुपचूप मोकळा झालो!

बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात कर्माच्या सिद्धांताची चर्चा आहे. आजची गरिबी किंवा हीन अवस्था ही मागच्या जन्मीच्या पापाचे फळ, हा विचार बाबासाहेबांनी तिथे साफ नाकारला आहे. का नाकारला? असे मानले की गोरगरिबांच्या दशेबद्दल राज्याला आणि समाजाला जबाबदार धरताच येत नाही, सगळे हात झटकून बाजूला होतात, म्हणून. मी हे अनेक भाषणांत सांगितले होते. पण हात झटकणाऱ्यांच्या त्या रांगेत अठरा दिवस बॅगेत कागद ठेवणारा कारकूनही उभा असतो, हे त्या रात्री प्रथम कळले. आपल्या धम्मात नशीब नाही. म्हणजे जे झाले त्याला कोणीतरी जबाबदार आहे. कधी सरकार, कधी मालक, कधी जातीयवादी साहेब, आणि कधी आपण स्वतः. यातले कोण, हे प्रामाणिकपणे शोधायचे.

इथे काही वाचक म्हणतील, “म्हणजे आमच्यावर अन्याय होतो तो काय आमच्याच चुकीमुळे?” तसे मी मुळीच म्हणत नाही. हल्ली मोठमोठ्या हॉटेलांत पैसे घेऊन ‘पॉझिटिव्ह विचार करा, सगळे ठीक होईल’ असे सांगणारी व्याख्याने होतात. ज्याच्या गटारात उतरणाऱ्या भावाला हातमोजा मिळत नाही त्याला असे सांगणे हा क्रूरपणा आहे. आपल्या माणसाने दुप्पट राबावे तरच तो लायक, हेही मला मान्य नाही. पण दुसरी बाजू मी स्वतः अनुभवली आहे.

नोकरीला लागलो तेव्हा ज्या कार्यालयात होतो तिथे माझ्या मागे कुजबूज चाले. ‘कोट्यातला’ हा शब्द दोन-तीनदा कानावर आला. मी मनातून पेटलो, आणि त्या रागाच्या भरात काय केले? कामात अंग चोरू लागलो. उशिरा जायचे, फाईल दाबून ठेवायची, कोणी काही बोललेच तर ‘आम्हालाच बरे दिसतो’ म्हणून अंगावर जायचे. सहा-सात महिने असे चालले. आमच्याकडे एक वयस्कर शिपाई होते, आपल्याच समाजाचे, सगळे त्यांना मामा म्हणत. एके दिवशी जिन्यात थांबवून ते म्हणाले, “साहेब, ते तुम्हाला नालायक म्हणतात. आणि तुम्ही रोज सव्वाअकराला येऊन मस्टरवर सही करता. त्यांचं काम तुम्हीच सोपं करताय की!”

मामा चौथी शिकलेले. पण माझ्या बी.कॉम.च्या तीन वर्षांत कोणी मला एवढे मोठे शिकवले नव्हते. मी दुसऱ्या दिवसापासून दहाला पाच कमी असताना टेबलावर असे. कुजबूज लगेच थांबली असे नाही. ती करणारे दोघे शेवटपर्यंत तसेच राहिले. फरक असा पडला की पुढे माझ्या गोपनीय अहवालात खोटा शेरा मारला गेला तेव्हा मी लेखी हरकत घेऊ शकलो. हजेरीपट माझ्या बाजूने बोलत होता. शेरा काढावा लागला. सव्वाअकराची सही असती तर मी कोणत्या तोंडाने लढलो असतो?

लढणाऱ्याचे कागद स्वच्छ असावे लागतात. हे कंत्राटी कामगाराइतके दुसऱ्या कोणाला लागू नाही. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सुप्रीम कोर्टाने २०१७ साली उचलून धरला. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही लढाई वर्षानुवर्षे लढवली. पण कोर्टात जिंकूनसुद्धा त्यातल्या कित्येकांचे काम अडले ते कशावर? नावाच्या स्पेलिंगवर. यादीत एक, आधारकार्डावर दुसरे. हा दोष कामगारांचा नव्हता. लिहिणाऱ्याने कसेही लिहिले, आणि त्याची शिक्षा ज्याचे नाव त्याला! म्हणून आपले नाव सगळीकडे एकसारखे आहे का, हे बघून घ्यायचे. मालक ते बघणार नाही.

आमच्या वस्तीतले एक जोडपे मला यासाठी फार मोलाचे वाटते. नवरा एका कंत्राटदाराकडे साफसफाईच्या कामाला. महिन्याला पगार येई तो तीन-चार दिवसांचा कापून. विचारले तर “तुझे खाडे आहेत.” तो बिचारा घरी येऊन चिडायचा, कधी गुत्त्यावर जायचा. बायको शाळेत सातवीपर्यंत गेलेली. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये ती दुधाचा हिशेब लिहायची. तिने त्याच चौकटीत नवऱ्याच्या हजेरीची फुली मारायला सुरुवात केली. कामावर गेला की फुली, जादा थांबला तर फुलीला गोल. तीन महिन्यांनी ती ती पाने घेऊन माझ्याकडे आली. आम्ही कामगार आयुक्तांच्या नावे अर्ज लिहिला, कॅलेंडरच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, एक प्रत कंत्राटदाराला दिली. दोन महिन्यांचा फरक मिळाला. तिसऱ्याचा मिळाला नाही, त्यासाठी आणखी भांडावे लागणार होते. पण त्यानंतर दिवस कापणे थांबले. आणि तिनेच मला सांगितलेली गंमत अशी, की फुली चुकू नये म्हणून नवऱ्याचे खाडेही थांबले. म्हणजे पूर्वी काही खाडे खरेच होत होते!

१९४६ साली कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती झाली. ती बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कौन्सिलात मजूर खाते सांभाळत असताना आणली गेली. आठ तासांचा दिवस असा मिळालेला आहे. त्या आठ तासांची नोंद ठेवणे तरी आपल्या हातात आहे.

घरचेही तसेच. तथागतांकडे दीघजाणू नावाचा एक कोलीय आला. तो म्हणाला, आम्ही बायकामुलांत राहणारी, सोने-चांदी हाताळणारी माणसे, आम्हाला या जन्मी सुख देईल असे काही सांगा. तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. आपल्या धंद्यात मेहनत आणि कसब असावे, मग ती शेती असो, व्यापार असो की राजाची चाकरी. (म्हणजे आम्हा सरकारी नोकरांनाही सूट नाही!) कष्टाने मिळवलेले सांभाळावे. संगत चांगली धरावी. आणि मिळकत बघून खर्च करावा, तागडी धरणाऱ्याला जसे एवढे खाली गेले, एवढे वर गेले हे कळते तसे. बुद्धाच्या तोंडी तराजूचा दृष्टान्त वाचून माझ्यातल्या कारकुनाला फार आनंद झाला होता.

आता आपल्या घरची तागडी पाहा. पगार अठरा हजार, आणि घरात तीन मोबाईल हप्त्यावर. लग्नात मंडप-डीजेसाठी पतपेढीचे कर्ज, त्याला जामीन राहिलेला मेव्हणा, आणि हप्ते थकले की दोन घरांचे बोलणे बंद. असे जामीनदार माझ्याकडे महिन्याला एक तरी येतो. सही करताना त्याने काय म्हटलेले असते? कर्जदार म्हणाला होता “मी बघतो”, आणि जामीनदार म्हणाला होता “तो बघेल.”

पीएफच्या वारसाचे तर मी आता हात जोडून सांगतो. लग्नाआधी भावाचे नाव लावलेले असते. लग्न झाले, मुले झाली, फॉर्म तोच. लग्नानंतर तो नव्याने भरावा लागतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. माणूस अचानक जातो, आणि दहाव्या दिवशी त्याची बायको आणि त्याचा भाऊ माझ्या सतरंजीवर समोरासमोर बसतात. दोघेही रडत असतात. हे काम मोबाईलवर पंधरा-वीस मिनिटांचे आहे. आज हा अंक वाचून होताच नवऱ्याने बायकोसमोर बसून ते करावे. ताईंनो, तो ‘बघतो’ म्हणाला तर त्याला जेवायला वाढण्याआधी मोबाईल हातात द्या.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. पुढच्या वर्षी, २०१७ साली, तिला सिव्हिल इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. त्या वेळचा एकही कागद तिने माझ्याकडे दिला नाही. सगळे स्वतः केले. झेरॉक्सच्या दुकानात काढलेल्या वर्षात तिने एक वही घातली होती. तीन रकाने : काम काय, कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत. आज ती नोकरीला आहे आणि रविवारी माझ्या शेजारी सतरंजीवर बसते. वही आता चौथी की पाचवी चालू आहे. आलेल्या प्रत्येकाचे काम त्यात लिहिले जाते आणि ज्याने अंगावर घेतले त्याची सही घेतली जाते.

मागच्या रविवारी एक आजीबाई निराधार पेन्शनचे कागद घेऊन आल्या. माझे दोन फॉर्म चालू होते. सवयीने तोंडातून गेले, “ठेवा आजी इथे, बघतो मी.”

वही माझ्यासमोर सरकली. दुसऱ्या रकान्यात माझे नाव लिहून झाले होते.

“काका,” ती पेन पुढे करत म्हणाली, “तारीख?”