सातच्या पाढ्याची चांदणी

आमच्या लहानपणी दिवेलागणीला पाढे म्हणायचे, असा घरचा दंडक होता. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. पाढे पाठ झाले, पण ते डोळ्यांना दिसतातही, हे मला साठी उलटल्यावर कळले.

निमित्त झाले नातीचे. तिला सातचा पाढा येईना, अगदी रडकुंडीला आली. मी वाटी पालथी घालून कागदावर वर्तुळ काढले. त्यावर घड्याळासारख्या, पण दहाच खुणा केल्या, ० ते ९. म्हटले, ‘‘पाढा म्हण, फक्त एककाचा अंक बघ आणि शून्यापासून रेघ ओढत जा.’’

सात. चौदाचा चार. एकवीसचा एक. रेघा एकमेकींना छेदत निघाल्या. एकोणपन्नासनंतर ती म्हणाली, ‘‘सात आठे चोपन्न,’’ आणि रेघ ९वरून ४वर नेली. मग थबकली. ‘‘आजी, ही एकच रेघ लांब कशी?’’ मी गप्प. तिने ती खोडली, ९च्या पुढे सात खुणा मोजल्या आणि ओरडली, ‘‘छप्पन्न!’’ शेवटी दहा टोकांची सुरेख चांदणी तयार झाली.

तुम्हीही करून पाहा. तीनच्या पाढ्याची चांदणी हुबेहूब तीच येते, फक्त उलट्या दिशेने. कारण दहा खुणांच्या वर्तुळात सात घरे पुढे जाणे म्हणजेच तीन घरे मागे जाणे. चार आणि सहा यांची जोडीही अशीच, पण चांदणी पाच टोकांची. दोन आणि आठचा पंचकोन. बिचारा पाच मात्र एकाच रेघेवर येरझारा घालतो.

असे का? तीन किंवा सात यांचा दहाशी एकशिवाय सामाईक विभाजक नाही, म्हणून ते सगळ्या खुणांना भेटतात. चार आणि दहा या दोघांनाही दोनने भाग जातो, म्हणून चारचा पाढा निम्म्याच खुणांवर फिरतो.

अर्थात चित्रात दशकाचा अंक दिसत नाही. छप्पन्नऐवजी सेहेचाळीस म्हटले, तरी चांदणी बिघडणार नाही. तेव्हा पाठांतर हवेच. पण त्या संध्याकाळी आपली चूक तिची तिलाच दिसली, कुणी रागावण्याआधी. दुसऱ्या दिवशी वाटी तिनेच मागून घेतली, आठच्या पाढ्यासाठी.