पत्रा, मांडणी आणि हवाई चप्पल

गाण्यात ढोलकीवर थाप पडते आणि मांडणीवरचे स्टीलचे पेले चर्रर्र करून तिला उत्तर देतात. कुणीतरी वैतागून वूफरचं बटण कमी करतं. गाण्यातला जीव जातो, पेले गप्प बसतात. दोन दिवसांनी पाहुणे येतात, बटण पुन्हा वर चढतं आणि पेल्यांना पुन्हा वाचा फुटते.

हे घर टेंभुर्णीतलं, आणि ही टेंभुर्णी जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यातली. पुणे-सोलापूर महामार्गावरची, माढा तालुक्यातली टेंभुर्णी वेगळी. नावसाधर्म्यामुळे गोंधळ होतो म्हणून आधीच सांगितलेलं बरं. अशा गावातलं घर काही ध्वनिशास्त्राच्या पुस्तकातल्या खोलीसारखं नसतं. पुढे स्लॅब, मागे पत्र्याची खोली, वाऱ्या-वावधानात उडू नये म्हणून पत्र्यावर ठेवलेले दगड, खाली शहाबादी फरशी, भिंतीला लोखंडी मांडणी आणि तिच्यावर पाच-पन्नास भांडी. त्यात बाजारातून आणलेलं होम थिएटर, नाहीतर गाडीतला डेक काढून प्लायच्या खोक्यात घरीच बसवलेला स्पीकर. शहरी तज्ज्ञ जी महागडी स्टँड आणि रबरी पाय सुचवतात, त्यांच्या किमतीत इथे अख्खा नवा संच येईल. सुदैवानं त्यांची गरज फारशी पडत नाही. दोष कुठे आहे हे आधी शोधलं, तर निम्म्याहून अधिक काम फुकटात होतं.

शोधायचं कसं, तर बोटानं. मोबाईलवर टोन जनरेटर नावाची फुकट ॲप मिळतात. मोबाईल होम थिएटरला जोडून त्यातून ३० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत एकच सूर सावकाश वर चढवत न्यायचा. ४२ ला काहीच होत नाही, ५५ ला दाराची कडी थरथरते, ७० च्या आसपास मांडणी गायला लागते, ९० ला देवघरातली घंटी. आकडे घरागणिक वेगळे, कारण प्रत्येक वस्तूचा आपला एक ठरलेला सूर असतो आणि तो लागला की ती हलते. सूर तिथेच थांबवून एकेका वस्तूवर बोट ठेवत जायचं. बोट ठेवल्यावर आवाज बंद झाला की चोर सापडला. कुठे कॅलेंडरचा खिळा असतो, कुठे स्पीकरच्या जाळीचा सैल स्क्रू, कुठे भिंतीवर आपटणारी वायर. पेल्यांखाली जुन्या लुगड्याची घडी घातली, फोटोच्या फ्रेममागे कापडाचा बोळा कोंबला, स्क्रू आवळला, की काम झालं.

पत्रा मात्र इतक्या सहज ऐकत नाही. तो मोठा, पातळ आणि हलका, म्हणजे कंपायला अगदी सोयीचा. पत्रा जिथे लोखंडी कैचीला टेकतो तिथल्या हुकाच्या नटाखालचं वायसर उन्हानं वाळून कडक झालेलं असतं, आणि खडखड तिथूनच निघते. नवी रबरी वायसरं आणि एकदा पाना फिरवणं, एवढाच इलाज. वरचे दगड वजनामुळे पत्रा दाबून धरतात, पण नीट न बसलेला दगड स्वतःच टकटक करतो. जुन्या माळवदाच्या घरात हा प्रश्नच नव्हता. लाकडी तुळया, फळ्या आणि वर मातीचा जाड थर. असल्या छताला थरथरायला लावायचं तर लग्नाचा डीजेच घरात आणावा लागेल.

आता मूळ कारण. स्पीकरचा कागदी पडदा हवेला पुढे ढकलतो, तेव्हा खोकं मागे ढकललं जातं. बंदुकीचा दस्ता खांद्याला बसतो तोच न्याय. समजा पडदा आणि त्याची कॉइल मिळून ३० ग्रॅमची, खोकं १० किलोचं. पडदा ३ मिलिमीटर पुढे गेला, तर मोकळं खोकं मागे जाईल अवघं ०.००९ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, त्याच्या आठव्या हिश्श्याएवढी ही हालचाल. कानाला ती कळणारही नाही. पण हेच खोकं लोखंडी मांडणीवर किंवा पोकळ टीपॉयवर ठेवलं, की ती इवलीशी हालचाल मोठ्या पातळ पृष्ठभागाला मिळते आणि टीपॉयच दुसरा स्पीकर होऊन बसतो. म्हणून पहिला उपाय बिनपैशाचा: वूफर मांडणीवरून उतरवून जमिनीवर ठेवायचा. खोकं जितकं जड, तितका धक्का कमी. वर एक वीट ठेवली तरी फरक पडतो.

त्याच्या खाली काय घालायचं, इथे पुष्कळांची फसगत होते. ‘रबर घाला’ म्हटलं की टायरचा तुकडा शोधला जातो. टायरचं रबर कडक. वूफरच्या वजनानं ते जेमतेम दबतं. आणि सगळी गोम या दबण्यातच आहे. वजनाखाली आधार किती मिलिमीटर दबला, त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्यानं १५.८ ला भागायचं. जे उत्तर येईल तितक्या हर्ट्झला ते खोकं त्या आधारावर स्वतःहून डोलतं. १ मिलिमीटर दबलं तर सुमारे १६ हर्ट्झ, १० मिलिमीटर दबलं तर ५. या डोलण्याच्या साधारण दीडपट वारंवारितेच्या वर गेलं की आधार कंप अडवू लागतो, तिपटीला चांगलाच अडवतो. टायरचा तुकडा मात्र ०.१ मिलिमीटरच दबला तर हिशेब ५० हर्ट्झवर येतो, म्हणजे वूफरच्या ऐन पट्ट्यात. कंप अडायचा सोडून वाढतो. रबर घातल्यावर आवाज जास्त घुमायला लागला, ही तक्रार खोटी नसते.

टायरपेक्षा हवाई चप्पल बरी. तिचा तळ फेसाळ रबराचा, बोटानं दाबला तरी दबणारा. टाचेचे चार चौकोन कापून खोक्याच्या चार कोपऱ्यांखाली ठेवायचे आणि मोजपट्टीनं पाहायचं: आधी चौकोन किती जाड होता, वजन बसल्यावर किती उरला. एक-दोन मिलिमीटर दबलं तर बरोबर. काहीच दबलं नाही तर चौकोन लहान कापायचे, पार चपटले तर मोठे. रबर हलत्या वजनाला स्थिर वजनापेक्षा जरा ताठ वागतं, त्यामुळे खरं उत्तर हिशेबाहून थोडं वर जातं. तेवढी सूट धरावी. अर्धा कापलेला टेनिसचा चेंडूही चालतो, आणि गल्लीत क्रिकेट असेपर्यंत त्याचा तुटवडा नाही.

खोक्याच्या भिंतीही बोलतात. पातळ प्लायच्या पाठीवर टिचकी मारली आणि डबडब वाजलं, तर आतून मधोमध आडवी लाकडी पट्टी डिंकानं आणि स्क्रूनं बसवावी. गाडीच्या दारांत आतून चिकटवतात ती डांबरी पट्टीही उपयोगी. या बाबतीत जुने लोक आपल्याहून काटकसरी निघाले. वार्फडेल कंपनीचा संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यानं १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये दोन प्लायच्या मध्ये कोरडी वाळू भरून स्पीकरचे फलक केले. फलक कंपायला लागला की वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि कंपाची ताकद त्या घर्षणात जिरते. वाळूचे आजचे भाव ऐकले असते तर ब्रिग्जनं बेत बदलला असता, पण एका खोक्याला बादलीभर पुरते.

गावाकडचा खरा शोध मात्र माठ. माठाच्या तोंडावर स्पीकर उपडा बसवायचा, बास भरदार येतो. त्यामागे कारण आहे: गोल, भाजलेल्या मातीची भिंत प्लायच्या सपाट फळीसारखी लवकर वाकत नाही. मात्र माठातल्या हवेचाही एक लाडका सूर असतो आणि प्रत्येक गाण्यात तो डोकं वर काढतो. आत थोडा कापूस किंवा फाटक्या गोधडीचा तुकडा टाकला की तो आवरतो. आणि माठ फरशीवर नुसता ठेवला तर डुगडुगतो, म्हणून खाली चुंबळ. कपड्याची वळकटी करून केलेलं हे कडं पाण्याची घागर डोक्यावर पेलायला शतकानुशतकं वापरात आहे. जड वस्तू, गोल बूड, मऊ आधार. कंपरोधक म्हणून दुकानात मिळणारी कडी दुसरं काही करत नाहीत.

सगळाच घुमारा कंपाचा नसतो, हेही लक्षात घ्यावं. दहा बाय बाराच्या खोलीत लांबीच्या दिशेनं ४७ हर्ट्झच्या आसपास आवाजाची लाट दोन भिंतींमध्ये नेमकी बसते आणि फुगते. वूफर कोपऱ्यात असेल तर आणखीच. त्याला रबर काय करणार? खोकं दोन-तीन फूट सरकवून पाहावं. भिंतीला गोधडी टांगल्यानं टाळीचा प्रतिध्वनी मरतो, पण सात मीटर लांबीच्या लाटेला गोधडी म्हणजे माशी.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत तर बहुतेक खर्च वाया जातो. परदेशात हौशी लोक त्याच्या खाली ठेवायला एबनी लाकडाचे शंकू विकत घेतात. या गावाला ज्या झाडाचं नाव आहे ते टेंभुर्णी, म्हणजेच तेंदू, त्याच एबनीच्या कुळातलं. पानं विडीला जातात. आजच्या ट्रान्झिस्टर-आयसीच्या ॲम्प्लिफायरला खालच्या कंपाचं सोयरसुतक नसतं. उलट त्याचा ट्रान्सफॉर्मरच १०० हर्ट्झनं गुणगुणतो, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि लोखंड एका फेऱ्यात दोनदा ताणलं जातं. ती गुणगुण पोकळ कपाटात मोठी होते. खाली चपलेचेच चार तुकडे पुरे. हवा जायच्या फटी झाकू नयेत आणि वीज चालू असताना झाकण उघडू नये. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची गोष्ट वेगळी. त्याच्या स्पीकरच्या हादऱ्यानं स्टेशन लावायच्या गँग कंडेन्सरची पानं थरथरत आणि रेडिओ किंचाळे, म्हणून तो भाग कारखान्यातच रबराच्या बुचांवर बसवलेला असे.

कंपाचा खरा रोगी एकच, तबकडी वाजवणारा रेकॉर्ड प्लेअर. कारण त्याची सुई स्वतःच कंप वाचते. खाचेतले बारीक चढउतार मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही लहान, आणि वूफरचं खोकं हलतं त्याच्या नऊपट. स्पीकरचा हादरा टेबलातून सुईपर्यंत पोचतो, सुई तो पुन्हा स्पीकरला देते आणि घुं करून चढत जाणारा आवाज सुरू होतो. १९६१ मध्ये अमेरिकेत ॲकूस्टिक रिसर्च कंपनीच्या एडगर व्हिलचरनं यावर साधा तोडगा काढला: तबकडीचा थाळा आणि सुईचा दांडा एकाच सांगाड्यावर घेऊन तो तीन स्प्रिंगांवर टांगला, मोटर बाहेर ठेवली. प्लेअरच्या बैठकीवर हातोडी मारली तरी सुई उडत नसे.

वारशानं आलेला प्लेअर घरात असेल तर हे टेंभुर्णीतही जमतं. लहान मुलांच्या सायकलची जुनी ट्यूब पाटावर गोल ठेवायची, वर दीड फुटी शहाबादी, तिच्यावर प्लेअर. हवा थोडीच भरायची, फरशी ट्यूबवर तरंगेल इतकीच. इथे चप्पल कामाची नाही. सुईच्या दांड्याचा स्वतःचा डोल ८ ते १२ हर्ट्झचा असतो, आणि आधार ४ मिलिमीटर दबला तर तोही ८ वर येऊन त्याला साथ देतो. १० मिलिमीटर किंवा जास्त खाली जायला हवं, ते हवेलाच जमतं. फरशी पाणसळीनं सपाट करायची, प्लेअरचं वजन मधोमध आणायचं. मग मोटर बंद ठेवून सुई थांबलेल्या तबकडीवर टेकवायची, आवाज वाढवायचा आणि पाटावर टिचकी मारायची. स्पीकरमधून ठक्क ऐकू आलं तर व्हॉल्व्हला बोट लावून जराशी हवा सोडायची आणि पुन्हा टिचकी मारायची.