आखूड एरियल, मोठा प्रवाह

अकरावी-बारावीच्या वर्गात कॉइल आणि कपॅसिटर यांचे संस्पंदन शिकवले की ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न येतोच. ‘रेडिओचे स्टेशन लावायला’ हे आपले ठरलेले उत्तर. त्याहून ठसठशीत उदाहरण हौशी रेडिओ-प्रक्षेपकांच्या एका छंदात मिळते. येथे ओहमचा नियम, उष्णता, धारकता आणि संस्पंदन एकाच तारेवर भेटतात.

२००७ साली जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने हौशी प्रक्षेपकांसाठी १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा अरुंद पट्टा मान्य केला. या लहरींची तरंगलांबी सुमारे २२०० मीटर आहे. उभी एरियल उत्तम चालण्यासाठी तरंगलांबीच्या एक चतुर्थांश, म्हणजे ५५० मीटर उंच हवी. आयफेल टॉवरसुद्धा ३३० मीटरच आहे! हौशी माणसाच्या अंगणात उभा राहतो तो फार तर १५ मीटरचा खांब. मग एवढ्या आखूड एरियलमधून प्रक्षेपण कसे करायचे?

एरियलमधून जी शक्ती लहरींच्या रूपाने बाहेर पडते, ती जणू एका रोधात खर्च होते असे मानतात. त्याला प्रारण-रोध म्हणतात. उभ्या तारेच्या माथ्यावर आडव्या तारांचे छप्पर असेल, तर तिच्यात खालपासून वरपर्यंत प्रवाह जवळजवळ सारखा राहतो. अशा एरियलचा प्रारण-रोध काढायचे सूत्र सोपे आहे : उंचीला तरंगलांबीने भागा, उत्तराचा वर्ग करा आणि १५८० ने गुणा. १५ मीटरसाठी उत्तर येते ०.०७३ ओहम.

या पट्ट्यात सर्व दिशांना सारखे प्रारण करणाऱ्या काल्पनिक एरियलच्या तुलनेत १ वॅट एवढीच मर्यादा आहे. उभ्या आखूड एरियलचे प्रारण जमिनीलगत सुमारे तिप्पट एकवटते. म्हणून प्रत्यक्ष बाहेर टाकायची शक्ती फक्त एक तृतीयांश वॅट. पण ०.०७३ ओहममध्ये एवढी शक्ती खर्च व्हायची तर सुमारे २.१ अँपिअर प्रवाह लागतो.

दोन अँपिअर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. घरातल्या इस्त्रीतून याहून जास्त प्रवाह जातो. अडचण अशी की हाच प्रवाह जमिनीतून, कॉइलमधून आणि भोवतालच्या झाडा-इमारतींच्या प्रभावातूनही वाट काढतो. त्या सर्वांचा मिळून रोध ६० ओहम धरू. मग उष्णतेत जाणारी शक्ती होते सुमारे २७० वॅट. हजार वॅट घातले तर जेमतेम सव्वा वॅट आकाशात जातो; बाकी सारा माती आणि तांबे तापवतो.

आता दाबाकडे पाहू. एवढी आखूड एरियल म्हणजे एक कपॅसिटरच. तार ही त्याची एक पट्टी, जमीन ही दुसरी. प्रत्येक मीटर तारेमागे साधारण ५ ते ६ पिकोफॅरड धरले, तर १५ मीटर उभी आणि ४० मीटर आडवी तार मिळून ३०० पिकोफॅरड होतात. या वारंवारतेला अशा कपॅसिटरचा प्रवाहाला होणारा विरोध सुमारे ३९०० ओहम असतो. त्याला २.१ अँपिअरने गुणले की एरियलवरचा दाब मिळतो : ८००० व्होल्टहून अधिक. शिखरमूल्य तर ११ हजारांच्या पुढे. प्रक्षेपक जेमतेम सव्वाशे व्होल्ट देत असतो. उरलेली करामत संस्पंदनाची. कपॅसिटरचा विरोध फेडण्यासाठी एरियलच्या पायथ्याशी साडेचार मिलिहेन्रीची कॉइल जोडतात. तिच्या वरच्या टोकाला हा सगळा दाब उभा राहतो.

तेव्हा खरे काम प्रवाह वाढवण्याचे नाही, तर त्याची गरज कमी करण्याचे आणि त्याच्या वाटेतला रोध हटवण्याचे आहे. त्याचे चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग उंचीचा. उंची दुप्पट केली की प्रारण-रोध चौपट होतो. तेवढ्याच प्रारणाला निम्मा प्रवाह पुरतो, आणि तोट्याचा रोध तोच राहिला तर उष्णता चौथाईवर येते.

दुसरा मार्ग छपराचा. आडव्या तारा वाढवल्या की धारकता वाढते, दाब उतरतो आणि कॉइलही लहान लागते. छप्पर नसेल तर उभ्या तारेतला प्रवाह वर जाताना कमी होत शून्यावर येतो आणि प्रारण-रोध एक चतुर्थांशच उरतो.

तिसरा मार्ग कॉइलचा. उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगत वाहतो. १३७ किलोहर्ट्झला तांब्यात ही खोली सुमारे ०.१८ मिलिमीटर असते. जाड तारेचा गाभा रिकामाच राहतो. म्हणून अनेक बारीक, वेगवेगळ्या वेष्टित तारांचा पीळ वापरतात. त्याला लिट्झ तार म्हणतात. कॉइलचा रोध १५ ओहमवर आणला, तरी तिच्यात ६५ वॅटहून अधिक उष्णता होते. साचा कमअस्सल प्लास्टिकचा असेल तर तो मऊ पडतो.

चौथा मार्ग जमिनीचा. प्रवाह एरियलखालच्या विस्तृत जमिनीतून गोळा होऊन एकाच सळईकडे आला, तर सळईजवळ त्याची गर्दी होते आणि तोटा वाढतो. म्हणून अनेक सळया पुरतात, तारा चहूकडे पसरतात. याचा भव्य नमुना स्वीडनमधील ग्रिमेटन येथे आहे. १९२४ साली सुरू झालेल्या या केंद्राचे १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे आहेत आणि १७.२ किलोहर्ट्झवर त्याच्या एरियलचा प्रवाह शेकडो अँपिअरचा होता. अर्न्स्ट अलेक्झांडरसन यांनी प्रत्येक मनोऱ्यापाशी वेगळी कॉइल आणि वेगळी जमीन-जोडणी दिली. प्रवाह सहा वाटांनी विभागला की प्रत्येक वाटेत उष्णता छत्तिसावा भाग, म्हणून सहा वाटांची मिळून सहावा भाग. हे गणित नववीतला विद्यार्थीही करू शकेल. २००४ पासून हे केंद्र युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

धोका मात्र विसरता कामा नये. तारेचे टोक टोकदार राहिले तर तेथे हवा निळसर चमकू लागते, सूं-सूं आवाज येतो. तार फांदीला टेकली तर फांदी पेट घेऊ शकते. एवढ्या दाबाला बोट लागले तर खोल भाजते. म्हणून कॉइल कुंपणात ठेवतात, आणि प्रवाह मोजायचा तो कॉइलच्या खालच्या, जमिनीकडील टोकाशी. तेथे दाब कमी असतो. प्रक्षेपणाला परवाना लागतो, हेही मुलांना सांगावे.

वर्गात मात्र यातले तत्त्व बिनधोक दाखवता येते. १० मिलिहेन्रीची कॉइल आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकसरीत जोडा. सिग्नल जनरेटरमधून एक व्होल्टच्या आतला दाब द्या आणि वारंवारता १६ किलोहर्ट्झच्या आसपास हळूहळू फिरवा. ऑसिलोस्कोपवर कपॅसिटरचा दाब दिलेल्या दाबाच्या अनेक पट झालेला दिसेल. मग मंडलात १०० ओहमचा रोध घाला. शिखर लगेच खाली येईल. हा रोध म्हणजे आपल्या अंगणातली जमीन, असे सांगितले की मुलांना आधीची आकडेमोड करून पाहावीशी वाटेल.